मानवी स्पर्श : नाही

मंगळवार, १२ नोव्हेंबर २०२४. सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. रिकामी पाकिटे एकशे दोन.

बिंदुमाधवराव आठल्ये यांनी ती दोनदा मोजली. पहिल्यांदा पोत्यातून जशी निघाली तशी, आणि दुसऱ्यांदा दहा-दहाचे गठ्ठे करून. दोन्ही वेळा आकडा तोच आला, तेव्हा ते जिन्याखालच्या फरशीवर तसेच बसून राहिले. बाहेर मंगला गौरीच्या गल्लीतून पंचगंगा घाटाकडे स्नानाला जाणाऱ्यांची रीघ लागली होती. प्रबोधिनी एकादशी होती. कोणीतरी उसाची मोळी खांद्यावर घेऊन चालले होते आणि तिची पाने दाराच्या चौकटीला घासत गेली.

ती खोली त्यांची नव्हती. ती त्यांचे बालमित्र श्रीनिवास घनपाठी यांची होती, आणि घनपाठी कालपासून रुग्णालयात होते. आदल्या दिवशी सायंसंध्या आटोपून उठताना त्यांचे दोन्ही पाय लुळे पडले. कार्तिकाच्या गर्दीने गल्ल्या तुंबलेल्या, म्हणून बिंदुमाधवराव आणि शेजारचे तिघे यांनी त्यांना खुर्चीत बसवून घाटाच्या पायऱ्या उतरवल्या, मोटरबोटीने अस्सी घाटापर्यंत नेले आणि तिथून रिक्षाने विद्यापीठाच्या रुग्णालयात पोहोचवले. बिंदुमाधवरावांची मुलगी ऋता तिथेच मूत्रपिंडविकारांची डॉक्टर होती. तिने हृदयाचा आलेख पाहिला आणि वडिलांना एका शब्दाने बाहेर जायला सांगितले. रक्तातले पोटॅशियम सात पूर्णांक चार निघाले. पाचच्या वर ते धोक्याचे असते, आणि सातच्या वर हृदय कोणत्या ठोक्याला थांबेल याचा नेम नसतो.

आज सकाळी ते धोतर, चष्मा आणि आहाराचा तक्ता न्यायला आले होते. तक्ता देवाच्या फळीवर, पोथ्यांच्या शेजारी, घडी न घालता ठेवलेला होता. ऋतानेच तो १४ ऑक्टोबरला आखून दिला होता : तारीख, सकाळ, दुपार, संध्याकाळ. श्रीनिवासची मूत्रपिंडे तेव्हाच निम्म्याहून अधिक गेली होती. मीठ आणि पोटॅशियम कमी ठेवले तर उरलेली काही वर्षे टिकतील, असे ती म्हणाली होती. ती टिकणार की नाही, हे त्या कागदावर अवलंबून होते.

कागद एकोणतीस दिवसांचा होता. बारा दिवसांपुढे भात आणि उकडलेला दुध्या यांची वजने ग्रॅममध्ये लिहिलेली होती. उरलेल्या सतरा दिवसांपुढे, वळणदार अक्षरात, एकच ओळ होती : 'उपवास. काही नाही.'

श्रीनिवासचे कार्तिकव्रत होते. महिनाभर एकाआड एक दिवस धान्य वर्ज्य, शिवाय संकष्टी आणि मध्ये येणारा सोमवार. उपवास सतरा. पाकिटे एकशे दोन. बिंदुमाधवरावांनी मनातल्या मनात भागाकार केला. भाग सहाचा गेला आणि बाकी उरली नाही.

खोटे लिहिणारा तो माणूस नव्हता, हे त्यांना पुरते ठाऊक होते. किंबहुना त्या कागदात काही खोटे आहे, असे त्यांना स्वतःलाही क्षणभर वाटले नाही. त्यांच्या आईने साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी जेवून ताट उचलता उचलता 'आज माझं काही नाही, उपवास आहे' असे आयुष्यभर म्हटले होते. फराळ हे खाणे नव्हतेच. जे खाणे नव्हते ते खाण्याच्या तक्त्यात कोण भरणार?

पाकिटांवर दिव्याचे चित्र होते आणि त्याखाली 'व्रत स्पेशल, हल्का सेंधा नमक, शुद्ध फलाहारी' अशी अक्षरे. त्यांनी एक पाकीट घडी करून खिशात घातले आणि खोलीला कुलूप लावले.

*

"बाबा, हे कुठून आणलंत?" ऋताने विचारले. ती रात्रभर झोपली नव्हती. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर तिने पाकीट गुडघ्यावर ताणून धरले होते.

"श्रीनिवासच्या जिन्याखालून. एकशे दोन आहेत. दर उपवासाला सहा."

"पण त्यांनी लिहिलंय, काही नाही."

"तो फराळ आहे, ऋता."

"अरे, तो क्या हुआ? पोटात तर गेलं ना!"

"तू कागदावर काय लिहिलं होतंस?"

"दिवसभरात जे खाल्लं ते लिहा."

"मग त्याने बरोबर लिहिलं आहे."

ऋताने पाकीट उलटे केले आणि मागच्या बारीक अक्षरांवर नख ठेवले. "हा क्रमांक बघा, पाचशे आठ. पोटॅशियम क्लोराइड. हलकं सेंधव म्हणतात ते हेच, नुसतं सेंधव नाही. हा तीनशे चाळीस, पोटॅशियम फॉस्फेट. आणि सगळ्यात आधी बटाट्याचं पीठ, म्हणजे पुन्हा तेच. आणि मीठ पाहा, सहा पाकिटांचं दिवसाच्या मर्यादेच्या वर जातं." तिने पाकीट वडिलांच्या हातात दिले. "आणि मी त्यांना रक्तदाबाची गोळी कोणती देत होते, माहीत आहे? पोटॅशियम वाढवणारी. इतकं चांगलं पथ्य पाळणाऱ्या माणसाला ती चालते म्हणून. त्या कागदाच्या भरवशावर."

"तुझी चूक नाही."

"मेरी ही है. मी याच घरात वाढले. उपवासाचं मला कळायला हवं होतं."

बिंदुमाधवराव त्या दोन क्रमांकांकडे पाहत राहिले. ते रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात छत्तीस वर्षे तपासनीस होते. तंत्रनिकेतनाची पदविका घेऊन लागले आणि मुख्य तपासनीस म्हणून निवृत्त झाले. एवढ्या काळात, क्रमांकाचा अर्थ नोंदवहीत शोधल्याशिवाय त्यांनी एकही सुटा भाग जोडणीकडे पाठवला नव्हता. हे पाकीट मात्र त्यांनीच पाठवले होते.

*

श्रीनिवास आणि ते एकाच वर्षी मुंज होऊन रामघाटावरच्या पाठशाळेत बसले होते. बिंदुमाधव तीन वर्षांनी शाळेत आणि पुढे तंत्रनिकेतनात गेला. श्रीनिवासने वेदाचे घनापर्यंत अध्ययन पुरे केले. चोविसाव्या वर्षी त्याने गुरूंसमोर पाणी सोडून नियम घेतला : परान्न नाही. स्वतःच्या हातचे किंवा पत्नीच्या हातचे, तेवढेच. दशाश्वमेधावर यात्रेकरूंची कृत्ये करून तो कोरडा शिधा घेई, पण शिजलेल्या घासाला स्पर्श करीत नसे. हा नियम मृणालिनीवहिनींनी चाळीस वर्षे चुलीपाशी उभे राहून सांभाळला. मूलबाळ नव्हते. २०२१च्या मे महिन्यात त्या साथीत गेल्या. पुढच्या माघात श्रीनिवास घाटाच्या पायरीवर घसरला आणि त्याचे उजवे मनगट मोडले. हाड वेडेवाकडे जुळले. त्या हाताने पातेले उतरवता येईना.

विद्युल्लताबाईंनी, म्हणजे बिंदुमाधवरावांच्या पत्नीने, तेव्हाच सांगितले होते, "मी दोन वेळचं करून पाठवते." त्यांनी चार दिवस पाठवलेही. डबा चारही दिवस तसाच परत आला. श्रीनिवास केळी आणि दूध यांवर राहिला. वहिनी गेल्यापासून त्याचे वजन नऊ किलोंनी उतरले होते. गळ्याची हाडे उपरण्यातून दिसत आणि पठणात मधेच त्याचा श्वास तुटे.

तेव्हा बिंदुमाधवरावांना युक्ती सुचली. कोणाचा हातच लागला नाही तर ते परान्न कसे? यंत्राला कसले सोवळे आणि कसले ओवळे? नदीपलीकडच्या औद्योगिक वसाहतीत उपवासाचे पदार्थ करणारा एक कारखाना होता. ते ओळख काढून तिथे गेले आणि तीन तास उभे राहिले. बटाट्याचे पीठ नळीतून येत होते, साच्यातून दाबून निघत होते, तेलातून पट्ट्यावर, पट्ट्यावरून पिंपात आणि पिंपातून पाकिटात. कांदा नाही, लसूण नाही, धान्य नाही. त्यांनी प्रत्येक टप्पा वहीत लिहिला, आणि प्रत्येक टप्प्यापुढे रकाना होता : 'मानवी स्पर्श'.

मसाल्याच्या पिंपापाशी एक बाई बसली होती. दमट हवेने मसाल्याचे खडे झाले होते. ती ते उघड्या हाताने फोडत होती, चिमटीत घेऊन चोळत होती आणि पिंपात सोडत होती. बिंदुमाधवराव तिच्यापाशी दोन मिनिटे थांबले. कारखान्याचा व्यवस्थापक हसून म्हणाला, "नमी में गुठली पकड़ लेता है साहब, क्या करें!"

त्या रकान्यात त्यांनी 'नाही' असे लिहिले. छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी असे कधी केले नव्हते. परत येताना नावेत त्यांच्या डोळ्यांपुढे फक्त श्रीनिवासच्या गळ्याची हाडे होती.

श्रीनिवासने वही वाचली. मग डोळे मिटून बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, "तू तपासलंयस ना? मग झालं." महिन्याभरात त्याचे गाल भरले. बिंदुमाधवरावांना तेव्हा झालेला आनंद खोटा नव्हता. केवळ उपवासालाच नव्हे, एरवीच्या दिवशीही मग पाकिटातली खिचडी, पाकिटातला उपमा आणि पाकिटातले ताक असे सुरू झाले. आणि घनपाठींना जे चालते ते कोणाला चालणार नाही? वर्षभरात मंगला गौरीपासून रामघाटापर्यंत मराठी घरांतल्या व्रतस्थ माणसांच्या फडताळात तेच दिव्याचे चित्र दिसू लागले. कोपऱ्यावरचा छेदीलाल तर माळा लटकवून बसे आणि गिऱ्हाइकाला विचारी, "कौन सा दें? गुरुजीवाला?"

यंदा ऑक्टोबरात पहिली तपासणी झाली. ऋताने पाकिटे बंद करायला सांगितली आणि श्रीनिवासने ती बंदही केली. डाव्या हाताने विजेच्या शेगडीवर तो भात आणि दुध्या उकडू लागला. फक्त उपवासाच्या दिवशी उपवासाचे जे असते ते घेतले. त्याच्या लेखी ती दोन वेगळी खाती होती.

*

"त्याला माझ्या हातची पोळी नको," विद्युल्लताबाई त्या दिवशी दुपारी म्हणाल्या, "पण दळणाच्या गिरणीसारख्या यंत्रातनं निघालेली पिशवी चालते. आणि ती तुम्ही शोधून आणलीत. इंजिनं तपासायची ती तपासायची होती, माणसाचं पोट कशाला तपासायला गेलात?"

"चार दिवस तो केळ्यांवर होता."

"अजून चार दिवस राहिला असता तर माझा डबा उघडला असता. भुकेनं उघडला असता! तुम्हाला दम कुठे होता?"

बिंदुमाधवरावांनी पत्नीलाही कारखान्यातल्या त्या बाईचे आजवर सांगितले नव्हते. ते त्यांनी त्या वेळी सांगितले. विद्युल्लताबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात सुपात थांबला.

"हे त्याला कळलं तर तो मरेल," त्या म्हणाल्या.

"आणि नाही कळलं तर?"

विद्युल्लताबाई सूप बाजूला ठेवत म्हणाल्या, "मी भात कशात आणू? स्टीलचा डबा चालेल का तिथं?"

*

बुधवारी सकाळी अकरा वाजता श्रीनिवास शुद्धीवर होता. गळ्यातल्या नळीवाटे आदल्या दिवशी त्याचे रक्त एकदा यंत्राने धुऊन काढले होते. पोटॅशियम पाच पूर्णांक सहावर आले होते. पलंगाशेजारच्या तिवईवर रुग्णालयाच्या खिचडीचे ताट झाकलेलेच होते.

ऋताने वडिलांना दाराबाहेर गाठले. "कालपासून पाण्याच्या घोटाशिवाय काही नाही. म्हणतात, केळं दे. केळं देऊन मी त्यांना पुन्हा तिथंच नेऊ? आणि बाबा, उपाशी ठेवूनही चालत नाही. शरीर स्वतःचे स्नायू जाळायला लागतं, त्यातनं पोटॅशियम पुन्हा रक्तात येतं. आज संध्याकाळपर्यंत भाताचे चार घास तरी जायला हवेत. काका माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील."

बिंदुमाधवराव आत गेले आणि स्टुलावर बसले.

"बिंदू, पाकीट आणलंस?" श्रीनिवासने डोळे न उघडता विचारले.

"नाही."

"मग काय हात हलवत आलास? काल एकादशी झाली, त्यात हे मला मशीनला बांधून बसलेले. निदान पारण्याला तरी काही."

"ते पाकीट तुला मारत होतं."

"ऋतानं सांगितलं सगळं. पाचशे आठ, तीनशे चाळीस. सूत्रासारखं पाठ करून घेतलं माझ्याकडून." तो थोडा हसला. "पोरगी चांगली शिकवते. सोडली मी पाकिटं. पण ती म्हणते इथलं खा. इथलं म्हणजे कोणी रांधलेलं? मला त्याचं नाव माहीत नाही."

"विद्युल्लता करून आणते आहे. निघाली असेल."

"वहिनींच्या हाताला मी नाव ठेवत नाही. पण चव्वेचाळीस वर्षं झाली, बिंदू. मृणालिनीची चिता विझली त्या दिवशी पाठशाळेतले दहाजण ताटं घेऊन दारात उभे होते. मी केळ्यावर राहिलो. आता एका दुखण्यापायी?"

"आजाऱ्याला सवलत आहे. तूच शिकवतोस."

"आहे. शास्त्रात आहे. मला नको आहे."

"नियम मोडेल म्हणून?"

"नाहीतर कशासाठी?"

बिंदुमाधवरावांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. "तो मोडायला शिल्लक नाही," ते म्हणाले.

श्रीनिवासने डोळे उघडले.

त्यांनी सगळे सांगितले. तपासणी अहवाल वाचून दाखवावा तसे, टप्प्याटप्प्याने सांगितले. दुसऱ्या कोणत्या रीतीने त्यांना सांगता आले नसते. पीठ, नळी, साचा, तेल, पट्टा, पिंप. पिंपापाशी बसलेली बाई. दमट मसाला. चिमूट.

"हातमोजे?"

"नाही."

"किती वेळ पाहिलंस?"

"दोन मिनिटं."

"म्हणजे चुकून नजरेतून सुटलं, असं नाही."

"नाही."

"आणि वहीत काय लिहिलंस?"

"मानवी स्पर्श, नाही."

श्रीनिवासने मान भिंतीकडे वळवली. गळ्यातल्या नळीवरची चिकटपट्टी ताणली गेली आणि शेजारच्या यंत्राने एक बारीक इशारा दिला. परिचारिका आली, तिने काहीतरी दाबले आणि ती निघून गेली. बिंदुमाधवराव स्टुलावर ताठ बसून होते. तंत्रनिकेतनाच्या तोंडी परीक्षेला ते असेच बसले होते.

"दोन वर्षं नऊ महिने," श्रीनिवास भिंतीशी बोलला. "रोज. त्यावर मी श्राद्धं केली लोकांची. त्या तोंडानं."

"होय."

"तू फसवलंस म्हणून मी जगलो, असं तुला म्हणायचं आहे का?"

"मला काहीच म्हणायचं नाही."

"मग म्हणू नकोस."

बाहेरच्या मार्गिकेत कोणीतरी हिंदीत रक्ताच्या बाटलीची चौकशी करत होते.

"त्या बाईचा काही दोष नाही," श्रीनिवास शेवटी म्हणाला. "तिला कोणी विचारलं होतं?" मग त्याने मान परत वळवली. त्याचे डोळे कोरडे होते आणि चेहरा अतिशय म्हातारा दिसत होता. "ऋताला बोलाव."

ऋता दारातच होती.

"पोरी, तुझी आई भात आणणार आहे ना? मऊ असू दे. मला गिळवत नाही."

ऋता आतच आली नाही. तिथूनच वळली आणि फोन कानाला लावून चालू लागली.

"कृच्छ्राच्या जागी दहा हजार गायत्री," श्रीनिवास स्वतःशी हिशेब करत असल्यासारखा म्हणाला. "उपास करून प्रायश्चित्त करायचं तर ही मला करू देणार नाही. आजाऱ्याला जपाची मुभा आहे. ती मी घेईन." मग त्याने बिंदुमाधवरावांकडे पाहिले. "गल्लीत ती पाकिटं माझ्या नावानं विकतात, ना?"

"होय."

"किती घरं?"

"मोजली नाहीत."

"मोज. आणि प्रत्येक दारात जाऊन सांग. गुरुजी म्हणाले म्हणून नव्हे. तू काय पाहिलंस आणि काय लिहिलंस, ते सांग. तुझ्या तोंडानं."

दुपारी पावणेदोनला विद्युल्लताबाईंनी आणलेला भात श्रीनिवासने खाल्ला. चमचा ऋताने धरला होता. मीठ नव्हते. नऊ घास गेले. नवव्या घासानंतर त्याने हाताने खूण केली, आणि विद्युल्लताबाई डब्याचे झाकण लावताना खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

*

घरे एक्केचाळीस निघाली. बिंदुमाधवरावांना अकरा दिवस लागले. ऋताने रक्तदाबाचे यंत्र दिले होते. ते दारात उभे राहत, सगळे सांगत, मग विचारत, "दंड पुढे करता का?" लोक करत. म्हाताऱ्या तपासनिसाला नाही म्हणणे कोणाला जमत नसे.

त्यांना वाटले होते, लोक रागावतील. बहुतेक रागावले नाहीत. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ म्हणाले, "आठल्ये, तुम्ही रेल्वेवाले! वाफेची इंजिनं गेली आणि तुमचा उद्योग गेला. आता साबुदाण्यालाही झेंडा दाखवणार का?" पाठशाळेतल्या एका अध्यापकांनी मात्र हात जोडले आणि दार लावून घेतले.

रामघाटाच्या पायऱ्यांवर राहणाऱ्या इरावतीबाईंच्या घरी ते सहाव्या दिवशी गेले. त्यांच्या यजमानांचा रक्तदाब एकशे सत्तर-एकशे चार भरला. त्यांना कधी तपासलेलेच नव्हते. इरावतीबाईंनी सगळे लक्ष देऊन ऐकले. बाईच्या उघड्या हाताचे ऐकताना त्यांनी पदर तोंडाला लावला.

"अगं बाई! म्हणजे इतके दिवस आम्ही..." त्या म्हणाल्या. "बरं झालं सांगितलंत. आता हातमोजे घालणारी कंपनी कोणती, तेवढं सांगा. ह्यांचा चातुर्मास आत्ता संपला, पण सोमवार आहेतच की."

"वहिनी, हाताचा प्रश्न नाही. आत काय घालतात त्याचा आहे. मीठ. हे क्रमांक."

"ते तर सगळ्यातच असतं हो. सेंधव आहे ना पण?"

बिंदुमाधवरावांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितले. बाईंनी पुन्हा मान डोलावली. निघताना त्यांना जिन्यातून आतला आवाज ऐकू आला : "अहो, त्या दुसऱ्या कंपनीचं सगळं आटोमॅटिक आहे म्हणे. आपल्या यज्ञेशला मोबाइलवर बघायला सांगा."

असेच तेवीस घरांत झाले. बिंदुमाधवरावांनीच दिलेल्या मापाने लोक मोजत होते. हात लागला की नाही, एवढेच त्यांनी अडीच वर्षांपूर्वी या गल्ल्यांना शिकवले होते, आणि लोकांनी तेवढे चोख शिकून घेतले होते. मिठाचा रकाना कोणाच्या मनात नव्हता, कारण तो त्यांनी आखलाच नव्हता.

छेदीलालने तर त्यांना चहा पाजला. "चाचा, आप सही कह रहे हैं. मेरी अम्मा को भी शुगर है." त्याच्या डोक्यावर माळा वाऱ्याने हलत होत्या. "पर हम क्या करें? गुरुजीवाला नाम ख़राब हो गया तो नाम बदल देंगे. माल तो रोज़ चाहिए लोगों को." दुसऱ्या दिवशी माळा तिथेच होत्या. पाकिटावरचे चित्र तेवढे वेगळे होते, दिव्याऐवजी तुळस.

अठ्ठावन्न माणसांचे दाब त्यांनी मोजले. सत्तावीस वाढलेले होते आणि त्यातल्या एकोणिसांना ते ठाऊक नव्हते. पाकिटे बंद करू असे म्हणणारी घरे सात. ती यादी त्यांनी श्रीनिवासला दाखवली. त्याने ती दोन्ही बाजूंनी वाचली.

"सात," तो म्हणाला.

"सात."

"तुला काय वाटलं होतं?"

"चाळीस."

"मला अकरा वाटली होती," श्रीनिवास म्हणाला आणि कागद परत दिला. पूर्वी तो अशा वेळी त्यांच्या पाठीवर थाप मारी. ती त्याने मारली नाही. त्या दिवसानंतर तो त्यांच्याशी नीट बोलत असे, प्रकृती विचारत असे, पण 'बिंदू' अशी हाक त्याने पुन्हा मारली नाही. 'आठल्ये' म्हणे.

*

विद्युल्लताबाईंचा डबा रोज जात होता. मीठ नाही, बटाटा नाही, भाजी दोनदा पाणी काढून उकडलेली. श्रीनिवास एक कणही टाकत नव्हता. संध्याकाळी माळ हातात घेऊन तो मोजत असे. दहा हजार जप त्याने नोव्हेंबर संपण्याआधी पुरा केला आणि नंतरही माळ थांबवली नाही. एखादे वेळी रक्त धुण्याचे यंत्र सहन होत नसे तेव्हा तो ऋताला विचारी, "येतील का गं मूत्रपिंडं परत? थोडी तरी?" आणि ती म्हणे, "सहा आठवडे बघू काका. कधी कधी येतात."

सहा आठवडे मंगळवारी, २४ डिसेंबरला पुरे झाले. त्या दिवशी सकाळी नऊ वाजता ऋताने रक्त घेतले आणि दुपारी वडिलांना आपल्या खोलीत बोलावले. बिंदुमाधवराव तिच्या समोरच्या खुर्चीवर बसले. तिने अहवाल मेजावरून त्यांच्याकडे सरकवला. तो त्यांना वाचता येतो हे तिला ठाऊक होते.

"काकांना मी सांगते," ती म्हणाली.

"त्याने काही विचारलं तर?"

"तेव्हाच आईचा डबा घेतला असता तर... असं नाही विचारणार ते. ते फक्त किती वेळा यायचं, तेवढं विचारतील."

तिने सांगितले आणि श्रीनिवासने तेवढेच विचारले. मूत्रपिंडे परतली नव्हती. डायलिसिस आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास.